खोटं बोलणारा दाणा

"आजोबांचं सिझेरियन झालं होतं!"

ढब्बूनं ही बातमी इतक्या जोरात दिली, की समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या उघडल्या. अंगणातल्या बाकावर बसलेल्या आजोबांनी शब्दकोड्यातून मान वर केली.

"कुणाचं?"

"तुमचं!"

"असं होय? मला कसं आठवत नाही?"

"ढब्बू, मूर्खा, पुरुषांचं सिझेरियन होत नाही!" भिंगरीनं भावाच्या टाळक्यात एक टपली हाणली. ती पायाला चाकं लावल्यासारखी दिवसभर फिरायची, म्हणून भिंगरी.

"हरकत आहे!" वकील म्हणाला. हा त्यांचा मावसभाऊ, सुट्टीला आलेला. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी तो आधी पुरावा मागायचा. "यंत्र सांगतंय. यंत्राला खोटं बोलून काय मिळणार?"

यंत्र म्हणजे ढब्बूच्या हातातला रीडर. साबणाच्या वडीएवढा, वर छोटा पडदा असलेला. आणि तो जे वाचत होता, तो 'दाणा' आजोबांच्या दंडात कातडीखाली होता. भात शिजण्याआधी तांदूळ दिसतो तेवढाच, काचेचा, आत तारेचं बारीक वेटोळं आणि एक चिप. बॅटरी नाही. रीडर दंडाला टेकवला, की त्याच्या लहरींवर दाणा जागा होतो आणि माणसाच्या सगळ्या दुखण्याखुपण्यांची कहाणी बिनतारी सांगून टाकतो. बेशुद्ध पडलात तरी काळजी नको, कागद शोधायला नकोत. आणि हा दाणा बनवला होता भिंगरी-ढब्बूच्या आईनं! वेटोळं किती फेऱ्यांचं हवं, काच किती जाड हवी, हे सगळं तिनं जेवणाच्या टेबलावर आकृत्या काढून काढून ठरवलं होतं. भिंगरी शाळेत आपलं नाव सांगायच्या आधी "माझी आई दाणा बनवते" हे सांगायची. एवढा तिला आईचा अभिमान होता.

"पुढे वाच," वकील म्हणाला.

"उजव्या मांडीत स्टीलचा रॉड. लकवा, वाचा गेलेली. पेनिसिलीनची जीवघेणी अ‍ॅलर्जी."

"अरे, हे तर बाईंचं!"

बाकावर आजोबांना खेटून बसलेल्या बाईंनी एक शिट्टी मारली. फुर्रर्र! एक शिट्टी म्हणजे 'हो', दोन म्हणजे 'नाही'. शिट्टीबाई शेजारच्या घरात एकट्या राहायच्या. आयुष्यभर त्यांनी शाळेत खेळाच्या तासाला मुलांना पळवलं होतं. लकव्यानं वाचा गेली, उजवा हात लिहिण्याच्या कामाचा राहिला नाही, पण गळ्यातली शिट्टी राहिली. आजोबा एकेक अक्षर म्हणायचे, हवं ते आलं की बाई शिट्टी मारायच्या, आणि अशा रीतीनं दोघं रोज शब्दकोडं सोडवायची. एवढा धीर फक्त आजोबांनाच होता. बाकीची मोठी माणसं बाईंशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायची, आणि उत्तराची वाट न बघता निघून जायची.

"आता बाईंचा वाच!"

ढब्बू दोघांच्या मध्ये घुसून बसला आणि त्यानं रीडर बाईंच्या दंडाला टेकवला. "शस्त्रक्रिया: नाही. आजार: नाही. अ‍ॅलर्जी: नाही."

फुर्रर्र! फुर्रर्र! बाईंनी अशा दोन शिट्ट्या मारल्या, की झाडावरचे कावळे उडाले.

तिघांचं हसू कुठल्या कुठे पळालं. कारण बाईंच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि उद्या त्यांचं ऑपरेशन होतं. साधं ऑपरेशन नव्हे. आईच्या कंपनीचे साहेब पाहुण्यांना गोळा करून दाखवणार होते, की पेशंटला काही न विचारता, नुसता दाणा वाचून उपचार कसे होतात. बाईंची हॉस्पिटलची जुनी जाडजूड फाइल साहेबांनी स्वतः रद्दीत घातली होती. "आता या बाडाची गरज काय?" म्हणाले होते.

"उद्या डॉक्टर बाईंचा दाणा वाचणार," भिंगरी हळूच म्हणाली. "त्यात अ‍ॅलर्जी 'नाही' असं येणार. आणि ते पेनिसिलीनचं इंजेक्शन देणार."

"आणि मग?" ढब्बूनं विचारलं.

बाईंनी गळ्यातली शिट्टी मुठीत घट्ट धरली.

भिंगरीनं लगेच आईला फोन लावला.

"तुम्ही रीडरला हात लावलात?" आईचा पहिला प्रश्न हा! "किती वेळा सांगितलंय, खेळणं नाही ते! बॅटरी उतरली असेल त्याची. ठेव फोन, मी कामात आहे."

"बघितलंस?" वकील म्हणाला. "पुराव्याशिवाय कोर्ट ऐकत नाही. प्रयोग करावा लागणार!"

आईच्या टेबलाच्या खणात नमुन्याचे दाणे होते, आणि फ्रीजमध्ये काकड्या होत्या. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, काकडीतही भरपूर, तेव्हा काकडी चालेल असं वकिलानं ठरवलं. ढब्बूला काकडी खाण्यासाठी हवी होती, पण विज्ञानासाठी त्यानं त्याग केला. बाईंचा दंड व्यायामानं कमावलेला, म्हणून एका जाड काकडीत पेन्सिलनं भोक पाडून दाणा खोल सारला. आजोबांचा दंड म्हणजे कातडी आणि हाड, म्हणून दुसऱ्या बारीक काकडीत तो सालीखालीच ठेवला. दाण्यात लिहायला पासवर्ड लागतो. तो रीडरच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवलेला होता. मोठ्या माणसांच्या सावधगिरीला तोड नाही!

"जाड काकडीत लिहितोय: 'ढब्बू थोर आहे'," ढब्बू म्हणाला.

दोन्ही काकड्या एकमेकींपासून लांब होत्या तेव्हा सगळं ठीक झालं. जाड काकडीनं 'ढब्बू थोर आहे' असं गुमान सांगितलं.

"आजोबा आणि बाई लांब बसतात का?" भिंगरी एकदम म्हणाली. "आई माहिती भरायला रीडर घरी आणते तेव्हा दोघं बाकावर खेटून बसलेली असतात. दंडाला दंड लावून! काकड्या चिकटव!"

ढब्बूनं काकड्या चिकटवल्या, रीडर जाड काकडीवर टेकवला आणि 'वकील गाढव आहे' असं लिहिलं. पडद्यावर आलं: 'नोंद यशस्वी'. मग काकड्या पुन्हा लांब करून वाचलं. जाड काकडीत अजून ढब्बू थोरच होता. गाढव बारीक काकडीत जाऊन बसलं होतं!

"जो दाणा वर, कातडीजवळ असतो तोच आधी जागा होतो, आणि सगळं गिळून टाकतो," भिंगरी म्हणाली. "बाईंचं सगळं आजोबांच्या दाण्यात गेलं. बाईंचा दाणा कोराच राहिला."

"आणि कोऱ्या दाण्याला रीडर 'नाही, नाही, नाही' म्हणतो," वकील म्हणाला. "कोरा म्हणजे ठणठणीत! वा रे न्याय!"

तिघं आईच्या ऑफिसात पोचली. पिशवीत रीडर होता, आणि काकड्याही. ऑफिस कसलं, एका गल्लीतला दुसरा मजला. सोल्डरचा वास, भिंगं लावलेले दिवे, आणि टोकाला पत्रा ठोकलेली 'शांत खोली'. बाहेरच्या लहरी आत येऊ नयेत म्हणून ती बांधली होती. दाणा तपासायचा तो इथंच, आणि आत एका वेळी एकच माणूस. दुसरं कुणी आत असलं तर मोजमाप बिघडतं, असा इथला कडक नियम होता. आई तिथं काहीतरी मोजत होती. साहेब दारात उभे राहून उद्याच्या पाहुण्यांबद्दल फोनवर बोलत होते.

"मावशी, जाड काकडीत लिहिलेलं बारीक काकडीत गेलं!" वकिलानं एका दमात सांगितलं. "आम्ही प्रयोग केला!"

साहेबांनी फोन बाजूला धरला. "काय म्हणतात मुलं?"

"काही नाही, साहेब." आई हसली. "सुट्टी आहे ना, खेळ चाललाय. काकड्यांचा! अरे, काकड्या एकमेकींना चिकटवल्या असतील तुम्ही. तसं करायचंच नसतं. जा आता घरी."

साहेबही हसले. "छोटे शास्त्रज्ञ!" म्हणाले आणि पुन्हा फोनला लागले.

जिन्यात भिंगरी मध्येच थांबली. ही मुलगी एका जागी थांबली की काहीतरी बिनसलंय, हे समजावं.

"काय झालं?" वकिलानं विचारलं.

"आपण काकड्या चिकटवल्याचं सांगितलंच नव्हतं."

"मग मावशीला कसं..."

"तिला माहीत होतं," भिंगरी म्हणाली आणि एकटीच वर पळाली.

आई शांत खोलीतच होती. एका वेळी एकच माणूस हा नियम भिंगरीनं मोडला आणि दार लावून घेतलं.

"आई, तुला कधीपासून माहीत आहे?"

आईनं आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्या काढल्या. "तुझी परीक्षा चालू होती तेव्हापासून. इथं आम्ही एकेकालाच तपासत होतो ना. दोन माणसं इतकी जवळ बसतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, आता थांबलो तर सगळं मुसळ केरात. पुढच्या दाण्यात दुरुस्त करू."

"आणि बाईंचा दाणा? तो तपासलास?"

आईनं टेबलावरचा एक दाणा उगाच भिंगाखाली धरला.

खरं सांगायचं तर तपासण्यात काही कष्ट नव्हते. रीडर टेकवला की झालं. पण तपासलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर सगळं थांबवावं लागलं असतं. म्हणून आईनं तपासलं नाही. इतकी हुशार बाई, पण डोळ्यांवर कातडं ओढून बसली. भिंगरीला आईचा असा राग आला, की तिचे कान तापले.

"उद्या सकाळी मी बाईंचा दाणा नीट करून देते," आई हलक्या आवाजात म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी. कुणाला कळणारही नाही. वचन देते."

"कुणाला कळणारही नाही, हे चांगलं आहे का?"

"भिंगरी, घरी जा."

सकाळी गाडीत माणसं कोंबून भरली होती. पुढे आई आणि भिंगरी. मागे वकील, वकिलाच्या मांडीवर ढब्बू, मग बाई आणि बाईंना चिकटून आजोबा. बाईंना एकटीनं जायला नको म्हणून आजोबा हट्टानं निघाले होते. वाटेत गर्दी लागली, उशीर झाला. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर साहेब घड्याळ बघत उभे दिसले. आईनं गाडी थांबवली, घाईघाईनं मागं वळली आणि रीडर बाईंच्या दंडाला टेकवला.

"आई, थांब! आजोबा खेटून बसलेत!"

"सरकायला जागा आहे का मागे? गप्प बस जरा!" टुक असा आवाज झाला. "हे बघ. 'नोंद यशस्वी'. दिलेला शब्द पाळला की नाही?"

"कुणाच्या दाण्यात यशस्वी?" भिंगरी ओरडली. पण आई रीडर घेऊन पायऱ्या चढायलाही लागली होती.

शहाणपण असं असतं बघा! जी चूक महिनाभर लपवली, तीच बाईंना वाचवायच्या घाईत पुन्हा केली.

वकिलानं धावत जाऊन डॉक्टरांना गाठलं. "डॉक्टर, बाईंना पेनिसिलीन चालत नाही! त्यांचा दाणा कोरा आहे!"

"तू नातेवाईक का?"

"शेजारी."

"मग जाऊन आपल्या जागेवर बस. आज कुणालाही काहीही विचारायचं नाही, हेच तर दाखवायचंय!"

भिंगरी आईकडे धावली, तर साहेब तिला पाहुण्यांना भेटवत हॉलभर फिरवत होते. भिंगरीनं तिची बाही ओढली. आईनं ती सोडवून घेतली, पाहुण्यांकडे बघून हसत.

हॉल भरला. व्यासपीठावर चाकांच्या खुर्चीत बाई, बाजूला डॉक्टर, आणि इंजेक्शनचा ट्रे घेतलेली नर्स. पहिल्या रांगेत हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. डॉक्टरांनी रीडर टेकवला. दाण्याच्या नंबरवरून मागच्या मोठ्या पडद्यावर बाईंचा फोटो आला, आणि त्याखाली: शस्त्रक्रिया: नाही. आजार: नाही. अ‍ॅलर्जी: नाही.

खाली बसलेली आई खुर्चीतून अर्धवट उठली. भिंगरीला वाटलं, आता आई बोलणार. पण आई तशीच अर्धवट उभी राहिली.

फुर्रर्र! फुर्रर्र! बाईंनी जीव खाऊन शिट्टी फुंकली.

"वा! बाई किती आनंदात आहेत बघा!" साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

नर्सनं इंजेक्शन भरायला घेतलं.

"आता?" ढब्बू रडवेला झाला.

"साहेबांना विरोध केला तर ते हाकलतील," वकील पुटपुटला. "पण कौतुक केलं तर?" आणि तो उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "साहेब! एवढा भारी दाणा एकाच माणसात दाखवणार? आमचे आजोबाही दाणेवाले आहेत! त्यांचंही पाहुण्यांना दाखवा ना!"

पाहुणे खूश झाले. साहेब तर हरभऱ्याच्या झाडावरच चढले. "या, या आजोबा! नर्स, दोन मिनिटं थांबा."

आजोबा बाही सरसावत वर गेले. जाताना त्यांनी भिंगरीकडे बघून एक डोळा मिटला. त्यांना सगळं समजलं होतं. डॉक्टरांनी रीडर टेकवला. पडद्यावर आजोबांचा फोटो आला, पांढऱ्या मिशांसकट. खाली अक्षरं उमटली: प्रसूती: सिझेरियन.

सगळा हॉल खो खो हसला. साहेबही सवयीनं हसले. मग पुढच्या ओळी आल्या. मांडीत रॉड. लकवा, वाचा गेलेली.

"मी तर चांगला बोलतोय!" आजोबा म्हणाले. "आणि माझं बाळंतपण झालं असतं, तर मी निदान तिथं हजर तरी असतो की!"

या वेळी फक्त थोडी माणसं हसली. डॉक्टर हसत नव्हते. ते शेवटची ओळ वाचत होते: पेनिसिलीन: जीवघेणी अ‍ॅलर्जी. त्यांनी चाकांच्या खुर्चीकडे बघितलं आणि खाली वाकून, आयुष्यात पहिल्यांदाच, बाईंना विचारलं, "बाई, हे तुमचं आहे का?"

फुर्रर्र! एकच शिट्टी.

नर्सच्या हातातलं इंजेक्शन डॉक्टरांनी काढून घेतलं.

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगावा! पाहुणे उठले, साहेब "किरकोळ, अगदी किरकोळ!" असं ओरडत राहिले. भिंगरी व्यासपीठावर गेली आणि तिनं काकड्यांपासून गाडीपर्यंत सगळं सांगितलं. फक्त शांत खोलीतलं बोलणं सांगितलं नाही. प्रमुख डॉक्टरीणबाईंनी ते शांतपणे ऐकलं. मग त्या आईकडे वळल्या.

"दाणा तुम्ही बनवलात. हा दोष तुम्हाला माहीत होता?"

आईनं भिंगरीकडे बघितलं.

"नाही," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई भिंगरीसमोर वाकल्या. "बाळ, तू आईला काही सांगितलं होतंस?"

"नाही" म्हटलं असतं तर आई सुटली असती. पण गावात अजून कितीतरी लोकांच्या दंडात दाणे होते, आणि तीही माणसं कुणाला तरी खेटून बसत असणार.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण मी सांगायच्या आधीपासून आईला माहीत होतं. साहेबांनाही."

त्यानंतर शाबासक्यांचा पाऊस पडला. डॉक्टरीणबाईंनी तिघांशी हस्तांदोलन केलं. पाहुणे म्हणाले, "काय धीट पोरं!" ज्या डॉक्टरांनी वकिलाला जागेवर बसवलं होतं, त्यांनी त्याची पाठ थोपटली. साहेबसुद्धा म्हणाले, "मुलांचं मला पहिल्यापासूनच कौतुक!" मोठी माणसं शाबासकी फार पटकन देतात. ऐकून मात्र घेत नाहीत.

बाईंचं ऑपरेशन दुसऱ्या औषधावर झालं आणि बाई वाचल्या. कंपनीला कुलूप लागलं. एकेक माणूस शोधून त्याच्या दंडातला दाणा काढायचं ठरलं, आणि आईची नोकरी गेली.

संध्याकाळी आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. टेबल रिकामं होतं. ढब्बू आणि वकील आज अगदी हळू बोलत होते, तेही दुसऱ्या खोलीत. भिंगरी पाणी प्यायला आली आणि तिथंच उभी राहिली.

"सगळ्यांसमोर 'नाही' का म्हणालीस?"

"नोकरीच्या भीतीनं नाही," आई म्हणाली. "नोकरी तर गेलीच होती. 'हो' म्हणायलाच तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू समोर दिसलीस. तुझ्यासमोर वाईट ठरायचं नव्हतं मला."

"मग मला कशाला बोलायला लावलंस?" भिंगरी रडायला लागली. "मी सांगितलं म्हणून तू वाईट ठरलीस! माझ्या तोंडून!"

आई रिकाम्या टेबलावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बरोबर केलंस. शाब्बास."

दिवसभरात मिळालेल्या सगळ्या शाबासक्यांत ही एवढीच खरी होती, आणि नेमकी तीच भिंगरीला घेववेना. आईचा हात पाठीवर येतोय हे तिला दिसलं, आणि तो टेकायच्या आत ती बाजूला सरकली.